आम्हाला शंभरपर्यंतच हाय, सर

मागच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मूळ संख्यांवरून वाद झाला आणि तो अजून ग्रुपवर चालूच आहे. एका सरांचं म्हणणं की शंभरपर्यंतच्या २५ मूळ संख्या एका कार्डावर छापा, खाली ४४-२२-३२२-३२१ लिहा, पाचवीच्या प्रत्येक वर्गात चिकटवा आणि रोज परिपाठाला म्हणवून घ्या, शिष्यवृत्तीचे मार्क कुठं जात नाहीत. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात; १ ते १० मध्ये ४ मूळ संख्या, ११ ते २० मध्ये ४, मग २, २, ३ असं करत शेवटच्या ९१ ते १०० मध्ये १, हे सगळं फोन नंबरसारखं पाठ करायचं.) दुसऱ्या बाजूनं लगेच पाठांतराच्या नावानं बोटं मोडली, मुलांनी ज्ञान स्वतः रचायचं असतं, रेडिमेड काही द्यायचं नसतं. आणि एक ज्येष्ठ मॅडम, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्या म्हणाल्या की पोरांना अजून हातच्याची वजाबाकी येईना आणि तुम्ही मूळ संख्या काय घेऊन बसलात. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि तरीही हा वाद भलत्याच जागी अडकलाय असं मला वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मूळ संख्यांची यादी मुलांच्या हातात आधी देऊ नये. ती त्यांनी शोधून काढावी, आणि शोधताना कुठं थांबायचं आणि का थांबायचं हे लेकराला आपल्या शब्दात सांगता आल्याशिवाय धडा झाला असं म्हणू नये. कारण पाचवीच्या गणितात ही मला तरी पहिलीच जागा दिसते, जिथं दहा वर्षांचं पोरगं सरांच्या तोंडाकडे न बघता, पुस्तकाच्या मागची उत्तरं न उघडता, "हे असंच आहे, मी तपासलंय" असं म्हणू शकतं. ती जागा आपण कार्ड चिकटवून बुजवायची का, एवढाच खरा प्रश्न आहे.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं तर एका पोराच्या उत्तरावरून. हुशार पोरगा, यादी एका दमात म्हणणारा, २३-२९-३१-३७ असं धडाधडा. त्याला मी सहज विचारलं, ११९ मूळ आहे का रे? तो गप्प. मग म्हणाला, "एकशे एकोणीस आम्हाला नाही सर. आम्हाला शंभरपर्यंतच हाय." त्यात त्याची काहीच चूक नाही. त्याला जे दिलं होतं ते शंभरला संपत होतं. यादीच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकायला त्याच्याकडे काहीच नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्याला सतराचा पाढा पाठ होता, सतरा सत्ते एकशे एकोणीस हे तो झोपेतही म्हणेल. अवजार घरात होतं, पण ते कशाला वापरायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पाठांतराच्या विरोधकांशीही माझं जमत नाही. पाढे पाठ पाहिजेतच. आपल्याकडे तीसपर्यंत पाढे, त्यावर पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्ध्या, दीड पटीचे पाढे, हे सगळं म्हणून घ्यायची रीत होती, त्या रीतीत मार होता, भीती होती, ते गेलं ते बरंच झालं, पण पाढे गेले तर मूळ संख्या शोधायच्या कशानं? ५१ बघून सतरा त्रिक एक्कावन्न आठवलं नाही, ५७ बघून एकोणीस त्रिक सत्तावन्न आठवलं नाही, तर पोराला या दोन्ही संख्या मूळच वाटतात. ९१ तर मोठ्या मोठ्यांना फसवते, तिला तेराच्या पाढ्याशिवाय पकडणं अवघड. पण पाढा आणि मूळ संख्यांची यादी या दोन्हीला "पाठांतर" हा एकच शब्द लावला की घोळ होतो. पाढा हा विळा आहे, तो रोज लागतो, दर संख्येवर चालवून बघायचा असतो. यादी म्हणजे दुसऱ्यानं कापून आणून दारात टाकलेली पेंढी. पेंढी वाईट नसते, पण ती आयती घेऊन कापणी येत नाही.

यादीवर भरवसा ठेवला की काय होतं याचं एक उदाहरण गणिताच्या इतिहासातच आहे. फ्रान्समधल्या मेर्सेन नावाच्या धर्मगुरूनं १६४४ साली एक यादी छापली, २ चा अमुक घात करून त्यातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते असे घातांक त्यानं २५७ पर्यंत दिले. त्यात ६७ होता. एवढ्या मोठ्या संख्या हातानं कोण तपासणार, त्यामुळे ती यादी दोनशे वर्षांहून जास्त काळ चालली. १८७६ साली ल्युकास या गणितज्ञानं दाखवलं की २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाहीच, पण तिचे अवयव मात्र त्यालाही सापडले नव्हते. ते १९०३ साली अमेरिकेत कोल नावाच्या प्राध्यापकानं दिले. सांगतात की सभेत तो एक शब्दही बोलला नाही, फळ्याच्या एका बाजूला त्यानं ती २१ अंकी संख्या मांडली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हातानं करून दाखवला, दोन्हीकडे उत्तर सारखं आलं आणि तो जाऊन बसला. मेर्सेनच्या यादीत २५७ पण चुकीचा निघाला आणि ६१, ८९, १०७ हे तर त्यानं घेतलेच नव्हते. एवढ्या जाणत्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या ज्या यादीवर विसंबून काम चालवलं ती अशी निघते, मग पोराला आपण यादी देतो तेव्हा नेमकं काय देतो? गणित देतो की कुणाच्या तरी शब्दावरचा विश्वास?

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, परीक्षेचा. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं. "६१ ते ८० मध्ये मूळ संख्या किती" असा प्रश्न आला तर पाठ असलेलं पोरगं पाच सेकंदात ५ ला गोल करून पुढं जातं, आणि शोधणारं पोरगं तिथं दोन मिनिटं घालवतं. हे खरं आहे, त्याला नाही म्हणण्यात अर्थ नाही. आणि मराठवाड्यात परीक्षेला हलकं लेखणं आपल्याला परवडणारं पण नाही. नव्वदच्या दशकात लातूर पॅटर्न राज्यभर गाजला तेव्हा पुण्या-मुंबईतून त्याला घोकंपट्टी म्हणून हिणवलं गेलं, पण त्याच पॅटर्नमधून कोरडवाहू शेतकऱ्यांची, शिपायांची, हमालांची लेकरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, ज्यांच्या घरात त्याआधी दहावी झालेलं कुणी नव्हतं. मी त्या पिढीतलाच आहे. पण त्या वर्गांमध्ये बसलेल्यांना विचारा की तिथं खरं काय होत होतं. उत्तरं पाठ नव्हती करून घेत, गणितं सोडवून घेत होते, एकच प्रकार पन्नास वेळा, चुकलं तर परत, रात्री अकरापर्यंत. सराव आणि पाठांतर यात फरक आहे, आणि आज आपण लातूर पॅटर्नचं नाव घेऊन त्यातला सराव टाकून देतोय आणि फक्त कार्ड ठेवतोय. शिवाय ज्यानं शंभरची चाळण, म्हणजे पटी खोडत मूळ संख्या उरवायची रीत, स्वतःच्या हातानं चार वेळा केली त्याला ती यादी आपोआप पाठ होते, वेगळी घोकावी लागत नाही. माझ्या वर्गात चौथ्या खेपेला बहुतेक पोरं न बघता ८३, ८९, ९७ म्हणायला लागली. मग ४४-२२-३२२-३२१ खुशाल सांगा की, तेव्हा तो त्यांच्याच कामाचा हिशोब असेल.

शोधायचं म्हणजे कसं? आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मी पोत्यावर चिंचोके ओततो. बारा घ्या आणि सारख्या ओळीत मांडा, एकही उरला नाही पाहिजे. दोन ओळी सहाच्या, तीन ओळी चारच्या, बसतंय. आता तेरा घ्या. पाचवीतली एक पोरगी तेरा घेऊन बसली होती, दोन ओळी केल्या, एक उरला, तीन केल्या, एक उरला, चार केल्या तरी एक, पाच केल्या तर तीन उरले, सहा केल्या परत एक. ती वैतागून म्हणाली, "ह्यातला एक चिंचोका काढून टाका ना सर, मग सगळं बसतंय." तिला वाटलं ती तक्रार करतेय, पण तेरा आणि बारा यांच्यातला सगळा फरक त्या एका वाक्यात आला होता. त्यानंतर तिला "ज्या संख्येला १ आणि ती संख्या असे दोनच विभाजक असतात" ही व्याख्या सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. आधी मी हीच व्याख्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायचो, आणि दरवर्षी निम्मा वर्ग १ ला मूळ म्हणायचा, कारण १ ला १ नं भाग जातो आणि स्वतःनंही जातो, त्यांचं काय चुकलं? हा प्रश्न साधा समजू नका. १९१४ साली लेहमर या गणितज्ञानं एक कोटीच्या वरपर्यंत मूळ संख्यांची यादी छापली तिची सुरुवात १ पासूनच आहे. पुढं गणितज्ञांनी १ ला बाहेर काढलं ते सोयीसाठी. १२ म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३, क्रम सोडला तर मूळ अवयवांनी १२ करायचा हा एकच मार्ग. पण १ मूळ धरला तर पुढं १ गुणिले १ गुणिले १ कितीही जोडत बसा, एकच मार्ग राहत नाही. हे पाचवीच्या पोरांना कळतं, मी बघितलंय, फक्त त्यांना ते विचारायची मुभा पाहिजे.

इथं आपल्या भाषेनं आपल्याला केवढी मदत केलीय बघा. हिंदीत या संख्यांना अभाज्य म्हणतात, म्हणजे भाग न जाणाऱ्या. आमच्याकडची निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेली म्हातारी माणसं मुफ्रद म्हणायची, म्हणजे एकटी, सुटी. आणि मराठीत मूळ संख्या. पहिल्या दोन शब्दांत त्या संख्येला काय होत नाही, ती कशी एकटी आहे, एवढंच कळतं. मूळ म्हटलं की बाकीच्या संख्या कुठून आल्या ते कळतं. ९१ खणली की खाली ७ आणि १३ लागतात, ६० खणली की २, २, ३, ५. लसावि-मसावि पुढं ज्या पोरांना जड जातात त्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते की त्यांनी संख्या कधी खणून बघितलेली नसते, शब्द मात्र पाठ असतो.

मग चाळण. ही पद्धत पाचवीच्या पुस्तकात आहेच, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या इरॅटोस्थेनिसची. १ ते १०० लिहायचे, १ सोडायचा, २ ला गोल करून त्याच्या पुढच्या सगळ्या पटी खोडायच्या, मग ३, मग ५, मग ७, उरल्या त्या मूळ. ज्वारी चाळताना माती खाली जाते आणि दाणा वर राहतो तसं, लेकरांना हे समजवायला लागत नाही, घरी रोज बघतात. मी फक्त एक बदल करतो, दहाच्या ओळीऐवजी सहाच्या ओळीत लिहायला लावतो. मग २ आणि ३ च्या पटी उभ्या रांगाच्या रांगा घेऊन जातात, आणि २, ३ सोडले तर सगळ्या मूळ संख्या फक्त १ आणि ५ खालच्या दोन रांगांत उरतात. ५ च्या पटी तिरप्या डावीकडं उतरतात, ७ च्या तिरप्या उजवीकडं. पोरांना ते दिसतं आणि ती ओरडतात. पण ओरडली म्हणून धडा झाला नाही, आणि इथं मला कृतीवाल्यांशी भांडायचंय. रंगीत चाळणीचे फोटो ग्रुपवर ढिगानं पडतात, वर्गात जाऊन विचारलं की ७ वर का थांबलात, तर पोरं म्हणतात सरांनी थांबा म्हटलं म्हणून. मग कार्डात आणि ह्यात काय फरक राहिला? थांबायचं कारण हाच तर या धड्याचा जीव आहे. ४ च्या पटी वेगळ्या का खोडल्या नाहीत? त्या २ नं आधीच नेल्या. ७ नं नवीन किती खोडल्या? मोजा. फक्त तीन, ४९, ७७ आणि ९१. बाकी सगळ्या आधीच गेलेल्या. आणि ११? अकरा दुणे, अकरा त्रिक, अकरा पाचे, अकरा सत्ते, सगळं खोडलेलं, ११ चं पहिलं नवीन काम अकरा अकरे एकशे एकवीसला, ते पानावरच नाही. हे पोरानं बोट ठेवून सांगितलं की मग त्याला ९७ साठी २, ३, ५, ७ एवढेच चार भागाकार पुरतात, आणि ते का पुरतात हे त्याला कुणी खोडून काढू शकत नाही. मुख्याध्यापक नाही, अधिकारी नाही, मी पण नाही.

मॅडमचा मुद्दा मात्र राहिला, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. वजाबाकी येत नाही, भागाकार येत नाही. आमच्याकडं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की वर्गातली चार-पाच लेकरं मार्चपर्यंत दिसत नाहीत, त्यांचं काय? मी एवढंच म्हणेन की भागाकार पक्का झाल्यावर मूळ संख्या असा क्रम लावला तर ती वेळ येतच नाही. उलट मूळ संख्या शोधताना पोरगं तासाभरात तीस-चाळीस भागाकार करतं, बाकी उरते की नाही बघायला, आणि त्याला बाकीत खरंच रस असतो कारण त्यावर निकाल ठरणार असतो. "खालील उदाहरणे सोडवा" म्हणून दिलेल्या दहा भागाकारांत तो रस असतो का? आणि फडावर गेलेल्या लेकरापाशी भिंतीवरचं कार्ड जात नाही. गेली तर रीतच जाते, जमिनीवर काडीनं आकडे लिहायला काय लागतं.

राहिला तो ग्रुपवरचा नेहमीचा सवाल, की शेतकऱ्याच्या पोराला मूळ संख्या काय कामाच्या. त्यावर मोबाईल बँकिंगचं उत्तर तयार असतं. ते खोटं नाही. १९७७ साली तिघांनी अशी कुलपाची पद्धत काढली की दोन प्रचंड मूळ संख्या गुणायला सोप्या पण गुणाकारावरून त्या परत शोधणं जवळजवळ अशक्य, आणि इंटरनेटवरच्या सुरक्षिततेत ती आजही वापरतात, सहाशेच्या वर अंक असलेल्या संख्या घेऊन. पण त्याच्या ३७ वर्षं आधी, १९४० साली, रामानुजनला इंग्लंडला बोलावून घेणाऱ्या गणितज्ञ हार्डींनी संख्यांच्या सिद्धांताचा युद्धासाठी काही उपयोग कुणाला सापडलेला नाही असं समाधानानं लिहिलं होतं. उपयोग कधी निघेल हे हार्डींना कळलं नाही तर आपण पाचवीच्या पोराला त्याची हमी कशाला द्यायची? त्याला उपयोग नको असतो. त्याला ११९ चा निकाल स्वतः लावता येतो का एवढं हवं असतं.

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टऐवजी साठ तीन असंही वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर रान पेटलं होतं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाई शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळं लहान मुलं अडखळतात, जुनं वाचन काढलेलं नाही, नवीन जोडलंय. ते कुणी ऐकलं? सगळी चर्चा मराठीचा अपमान झाला की नाही यावर गेली, आणि त्रेसष्ट लिहायला सांगितल्यावर ३६ लिहिणारं लेकरू जिथं होतं तिथंच राहिलं. तुम्हाला साठ तीन पटो न पटो, पण त्या लेकराकडं बघून तर भांडायला पाहिजे होतं. आताही तेच होतंय, पाठांतरवाले एकीकडं, कृतीवाले एकीकडं, आणि "आम्हाला शंभरपर्यंतच हाय" म्हणणारा पोरगा मधे उभा.

त्या पोराला आणि त्या तेरा चिंचोकेवालीला मी या आठवड्यात १०१ ते २०० चा कागद दिला, सहाच्या रांगांचा. यावेळी कुठं थांबायचं ते सांगितलं नाही. ११ नं नवीन तीन खोडल्या, १२१, १४३, १८७. मग त्यांनी १३ घेतला, एकेक पट बघत गेले, सगळ्या आधीच खोडलेल्या, शेवटी एकच सापडली. पोरगी म्हणाली, "सर, तेरा नुसता एकशे एकोणसत्तरसाठीच आला का?" पोरानं तोवर मागच्या बाजूला सतरा सतरे करून बघितलं होतं, २८९ आले. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, "सतराला हितं कामच नाही."